तीनशे रुपयांचा टी-शर्ट आणि आठ मिनिटं

काजबटण

गेल्या रविवारी भाचीच्या वाढदिवसासाठी विमाननगरच्या एका मॉलमधून दोन टी-शर्ट आणले. एक २९९ चा, एक ३४९ चा. भाचीने घरी आल्या आल्या २९९ वाला घालून बघितला, तर काखेत दोन बोटं शिवण उसवलेली. त्यासाठी पुन्हा विमाननगरला कोण जाणार, म्हणून आईपुढे ठेवला.

आईने कसब्यात चाळीस वर्षं शिवणकाम केलं. ब्लाउज, फॉल-पिको, जून महिना आला की शाळेचे गणवेश. मोतीबिंदूनंतर मशीन बंद केलं, पण कपडा हातात आला की तो आधी उलटा करून बघायची सवय काही गेली नाही. तिने टी-शर्ट मांडीवर उलटा पसरला आणि खांद्यापासून बोट फिरवत खाली आली. खांद्याच्या आतली पट्टी, गळ्याची रिब, बाह्या, बाजूच्या शिवणी, खालची दुहेरी टीप. मग म्हणाली, "हात बसलेला आहे बाईचा. ओव्हरलॉक बघ किती सरळ गेलीय. फक्त इथे काखेत कापड सुटलंय. घाई झाली असणार तिची."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "मी नुसती शिलाई दीडशे घेतली असती. यात कापड आलं, दोरा आला, कारखाना, जहाज, मॉलचं भाडं, एसी. हे सगळं तीनशेत बसवलं तर तिला काय दिलं असेल गं?"

लेबलवर 'मेड इन बांगलादेश' असं मी दुकानातच वाचलं होतं. पण तिथे मला देश दिसला होता, बाई दिसली नव्हती. आई कपडा बघून थेट 'तिला' म्हणाली, आणि तेव्हापासून तो शब्द डोक्यातून जात नाहीये.

राणा प्लाझा तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. ढाक्याजवळ सावर इथे २४ एप्रिल २०१३ ला आठ मजली इमारत कोसळली. १,१०० हून जास्त माणसं गेली, अडीच हजारांच्या आसपास जखमी झाली. पाच कपड्यांचे कारखाने होते त्यात. तेव्हा मी ही बातमी 'इमारत दुर्घटना' म्हणून वाचली आणि विसरले. या आठवड्यात पुन्हा नीट वाचली. आदल्या दिवशी, २३ तारखेला, खांबांना आणि भिंतींना मोठ्या भेगा पडल्या होत्या. खालच्या मजल्यांवर एक बँक होती, दुकानं होती. बँकेने आपली माणसं घरी पाठवली, दुकानं बंद राहिली. वरच्या कारखान्यांतल्या लोकांना मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर बोलावलं. कितीतरी जणी आत जायला तयार नव्हत्या. पगार कापू म्हणून धमकावलं. वीज गेली, वरच्या मजल्यांवरचे जनरेटर सुरू झाले, आणि नऊच्या सुमारास इमारत खाली आली.

इमारत एकच, भेग एकच. बँकेतल्या माणसाला 'मी आज येत नाही' म्हणता आलं, शिवणाऱ्या बाईला म्हणता आलं नाही. मला वाटतं, कपडा स्वस्त होतो तो इथे. पगार कमी असतो हे तर आहेच, पण नाही म्हणायची सोयच काढून घेतलेली असते.

आपण पुण्यात बसून यात काय करू शकतो? करू शकतो का? ज्यांना या धंद्यातलं कळतं त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

पर्वतीपायथा

वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

बायिंगहाऊस१४

काजबटण ताई, मी १४ वर्षं मर्चंडायझर होतो, म्हणजे परदेशी कंपन्यांसाठी कारखान्यांकडून कपडे बनवून घेणारा. आता ते क्षेत्र सोडून बाणेरला वेगळं काम करतो, म्हणून मोकळेपणाने लिहितो. ढाका, आशुलिया, गाझीपूर या भागात माझ्या बऱ्याच फेऱ्या झाल्या.

आधी तुमच्या आईंच्या प्रश्नाचं उत्तर. या धंद्यात कपड्याची शिलाई मिनिटांत मोजतात. साधा गोल गळ्याचा टी-शर्ट शिवायला साधारण आठ मिनिटं धरतात. एकच बाई पूर्ण शर्ट शिवत नाही, लाइन असते. एक खांदा जोडते, दुसरी गळा लावते, तिसरी बाही. पण सगळ्यांची मिनिटं मिळून आठ. बांगलादेशात कपडा उद्योगाचं किमान वेतन डिसेंबर २०२३ पासून महिना १२,५०० टका आहे. महिन्याचे २६ दिवस, रोजचे आठ तास धरून भागाकार करा. तासाला साठ टका, म्हणजे मिनिटाला एक टका. आठ मिनिटांचे आठ टके. कुठलीच लाइन शंभर टक्के वेगाने चालत नाही, तेव्हा दुप्पट धरा, सोळा. आपले अकरा-बारा रुपये. तुमच्या २९९ मध्ये मशीनवर बसलेल्यांच्या वाट्याला साधारण एवढे येतात.

आता हे उलटं करून बघा. त्या सगळ्यांचा पगार उद्या दीडपट केला, तर शर्टामागे खर्च वाढतो सहा रुपये. सहा! हा हिशेब मी नोकरीत असताना कित्येकदा कागदावर मांडला आहे, आणि तो बैठकीत कधी बोललो नाही. तिथे माझं काम दर खाली आणण्याचं होतं.

दर खाली कसा येतो तेही सांगतो, कारण लोकांना वाटतं की तिथला मालक तेवढा दुष्ट असतो. बायर, म्हणजे कपडे विकत घेणारी परदेशी कंपनी, दरवर्षी तोच कपडा मागच्या वर्षीपेक्षा दोन-चार सेंट कमीत मागतो. तुम्ही नाही म्हणालात तर शेजारचा कारखाना हो म्हणतो. ऑर्डर पक्की झाल्यावर रंग बदलतात, प्रिंट मंजूर करायला तीन आठवडे लावतात, पण जहाजाची तारीख तीच ठेवतात. उशीर झाला तर माल विमानाने पाठवायचा आणि ते भाडं कारखान्याने भरायचं. एका ऑर्डरचा नफा त्यात संपतो. मग कारखाना काय करतो? रात्रीचं काम लावतो, नाहीतर अर्धा माल गुपचूप दुसऱ्या छोट्या कारखान्याला देतो, जिथे कुणी तपासायला जात नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये आशुलियाच्या ताझरीन फॅशन्सला आग लागून किमान ११२ कामगार गेले, तेव्हा एका बड्या अमेरिकी कंपनीने हेच सांगितलं की आमचं काम तिथे परस्पर दिलं गेलं होतं. खरंही असेल. पण परस्पर देण्याची वेळ का येते, हे त्या कंपनीच्या खरेदी विभागाला पक्कं माहीत असतं. मला माहीत होतं.

एक दृश्य लिहून थांबतो. लाइनच्या टोकाला एक पांढरा फळा असतो. दर तासाला सुपरवायझर त्यावर आकडा लिहितो, टार्गेट १२०, झाले ९६. खालचा आकडा लाल पेनने. गाझीपूरच्या एका कारखान्यात बाही लावणारी एक मुलगी होती, पंचविशीच्या आतली. मी उभा होतो त्या पंधरा-वीस मिनिटांत ती एकदाही मान वर करून बोलली नाही, पण तास भरत आला की नुसते डोळे उचलून फळ्याकडे बघायची. तिच्या पायाशी प्लास्टिकची पाण्याची बाटली होती, भरलेली. मी दुभाष्याला विचारलं, पाणी का नाही पीत ही? तो म्हणाला, प्यायलं तर उठावं लागतं.

त्या संध्याकाळी मी त्याच कारखान्याकडून दर तीन सेंट उतरवून घेतला.

काजबटण

बायिंगहाऊस दादा, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. सोपं नसणार.

तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. 'मिनिटाला एक टका' ऐकून ती म्हणाली, "टाका?" मी म्हटलं टाका नव्हे गं, टका, तिकडचा रुपया. ती म्हणाली, "एका मिनिटात मशीन हजारांवर टाके घालतं. हजार टाक्यांना एक टका." मग पाण्याच्या बाटलीचं वाचलं तेव्हा उठून स्वयंपाकघरात गेली. गणवेशांच्या दिवसांत तीही दुपारी पाणी पीत नसे, हे मला काल पहिल्यांदा कळलं.

औंधकर_नि

विषय महत्त्वाचा आहे आणि भावना पोचल्या. तरीही एक बाजू मांडतो, कारण ती मांडली नाही तर चर्चा चुकीच्या वळणाला जाईल.

बांगलादेशात या उद्योगात चाळीस लाखांच्या आसपास लोक काम करतात, त्यात बायका जास्त. देशाच्या निर्यातीतला चार-पंचमांशहून मोठा वाटा या एका उद्योगाचा. या बायकांपुढे दुसरा पर्याय काय होता? गावात दुसऱ्याच्या शेतावर राबणं, लवकर लग्न, किंवा शहरात कुणाच्या घरी मोलकरीण. कारखान्यामुळे हातात स्वतःचा पैसा आला, लहान भावंडं शाळेत गेली. आपण इथे 'बांगलादेशी कपडा नको' म्हटलं तर तो पैसा बंद होईल, आणि आपल्याला फक्त हात झटकल्याचं समाधान मिळेल.

मार्च २०२० आठवा. करोना आला आणि युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांनी बांगलादेशातल्या तीन अब्ज डॉलरच्या आसपासच्या ऑर्डरी रद्द केल्या किंवा थांबवल्या. कित्येक ठिकाणी कापड कापून झालं होतं, शिवून झालं होतं, तरी पैसे द्यायला नकार. लाखो कामगार पगाराविना घरी बसले. खरेदी थांबली की सगळ्यात आधी कोण मरतं ते तेव्हा दिसलं. म्हणून बहिष्काराला माझा ठाम विरोध आहे.

बायिंगहाऊस१४

औंधकर, बहिष्काराबद्दल शंभर टक्के सहमत. तिथल्या कामगार नेत्याही हेच सांगतात. कल्पोना अख्तर बाराव्या वर्षी कारखान्यात लागल्या, पुढे संघटना बांधली म्हणून तुरुंगात गेल्या. त्याही आमचे कपडे घेऊ नका असं म्हणत नाहीत. काम हवं, पण माणसासारखं हवं, एवढंच मागणं आहे. त्यांचे सहकारी अमिनुल इस्लाम यांचा एप्रिल २०१२ मध्ये खून झाला, एवढं मागितल्याबद्दल.

पण 'दुसरा पर्याय काय होता' हे वाक्य मी माझ्या नोकरीत रोज ऐकलं आहे. दर पाडण्याच्या बैठकीत तेच वाक्य वापरलं जायचं. आणि करोनात जे झालं त्यातून मला वेगळं दिसलं. सगळी जोखीम सगळ्यात खाली ढकललेली असते. ऑर्डर दिली तो फोनवर 'रद्द' म्हणतो आणि मोकळा होतो.

लालबागची_लेक

मी जन्माने लालबागची, लग्नानंतर गेली २२ वर्षं सहकारनगर. माझे आजोबा आणि वडील दोघेही गिरणीत. औंधकर काका, तुमचा मुद्दा नीट वाचला, रागावून लिहीत नाही.

'नोकरी मिळाली हेच खूप' हे आमच्या घराण्यालाही सांगितलं गेलं होतं. कोकणातून, घाटावरून माणसं मुंबईला आली तीही पर्याय नव्हता म्हणूनच. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत गिरणी चालायची, आठवड्याची सुटी नव्हती. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांची सभा बांधली. जोतीराव फुल्यांचे सहकारी ते. सहा वर्षं अर्ज, सभा, सह्या, आणि १० जून १८९० ला रविवारची सुटी मिळाली. आज आपण सगळे जो रविवार मॉलमध्ये घालवतो तो रविवार कापडाच्या कामगारांनी मिळवलेला आहे.

आणि तेव्हाही मँचेस्टरचं कापड आणि मुंबईचं कापड अशी दराची मारामारी होतीच. तेव्हाही म्हणत असत की कामगाराला सवलती दिल्या तर धंदा दुसरीकडे जाईल. म्हणून मला बांगलादेशच्या बायका परक्या वाटत नाहीत. २०२३ च्या शेवटी त्यांनी २३,००० टका मागितले, मिळाले १२,५००, आणि त्या आंदोलनात किमान चार कामगार गेले. त्याआधी २०१८ मध्ये ८,००० केले होते, २०१३ मध्ये ५,३००, २०१० मध्ये ३,०००. तारखा बघा. २०१३ ची वाढ कुठल्या घटनेनंतर झाली ते वेगळं सांगायला नको.

वडील १९८२ च्या संपात होते. १८ जानेवारीला बाहेर पडले ते परत गिरणीत गेलेच नाहीत. अडीच लाखांच्या आसपास कामगार होते त्या संपात. नाही म्हणण्याची काय किंमत पडते हे मी घरात बघितलं आहे. आईने आमच्यासाठी पोळ्यांचे डबे केले. म्हणून काजबटणने लिहिलेलं 'नाही म्हणायची सोय' हे शब्द फार आत लागले. एकट्या माणसाला ती सोय कधीच नसते.

फुरसुंगी_नाका

परदेशापर्यंत जायची गरज नाही म्हणून लिहितो. ९ मे २०१९ ची पहाट. आमच्यापासून जवळ, उरुळी देवाचीला कापडाच्या मोठ्या दुकानाला आग लागली. आत पाच कामगार झोपलेले होते. दाराला बाहेरून कुलूप होतं. पाचही गेले. बाहेरगावाहून पोटासाठी आलेली पोरं होती.

मी सकाळी त्या रस्त्याने कामाला गेलो होतो. धूर अजून होता. लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून बघत होते, कुणी काही बोलत नव्हतं. मला अजून तो भाग ओलांडताना दाराकडे बघायला होतं.

कुलूप कशासाठी? माल चोरीला जाऊ नये म्हणून.

ओवी_कोथरूड

फुरसुंगी_नाका, अंगावर काटा आला. हे कुलूप सगळीकडे एकच आहे हो. न्यूयॉर्कच्या ट्रायँगल या कपड्यांच्या कारखान्यात २५ मार्च १९११ ला १४६ कामगार जळून किंवा खिडक्यांतून उड्या टाकून गेले. बहुतेक स्थलांतरित तरुण मुली. जिन्याचं दार कुलूपबंद होतं, जाताना त्यांच्या पिशव्या तपासता याव्यात म्हणून. ताझरीनला धोक्याची घंटा वाजल्यावर मुली उठल्या, तर सुपरवायझरने 'काही नाही, बसा' म्हणून परत मशीनवर बसवलं. कराचीत ११ सप्टेंबर २०१२ ला अली एंटरप्रायझेसमध्ये अडीचशेहून जास्त गेले. खिडक्यांना गज, बाहेर पडायची दारं बंद. त्या कारखान्याला आगीच्या थोडेच आठवडे आधी चांगल्या कामाच्या जागेचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालेलं होतं. पुढे तिथल्या कोर्टाने ती आग खंडणीसाठी लावली गेली असं ठरवलं, पण दारं बंद नसती तर?

हे प्रमाणपत्र कोण देतं आणि काय बघून देतं? बायिंगहाऊस दादा, सांगाल का?

बायिंगहाऊस१४

ओवी, ही प्रमाणपत्रं ऑडिटवर, म्हणजे कारखान्याच्या तपासणीवर मिळतात. बहुतेक ऑडिटचे पैसे कारखाना किंवा बायर देतो, आणि तारीख बऱ्याचदा आधी कळलेली असते. त्या दिवशी जिने मोकळे असतात, अग्निशामक नळकांडी पुसलेली असतात, हजेरीची वही दुसरीच असते. मुलींना काय उत्तरं द्यायची ते आदल्या दिवशी सांगितलेलं असतं. मी स्वतः अशा दिवशी कारखान्यात गेलो आहे आणि दोन दिवसांनी पुन्हा गेलो आहे. जिन्यात खोके परत आलेले होते. राणा प्लाझातल्या काही कारखान्यांचीही अशी तपासणी आधी झालेली होती. तपासणाऱ्यांचं म्हणणं, इमारतीचा पाया बघणं आमच्या कामात येत नाही.

एसपी_होस्टेल

मी विद्यार्थिनी आहे, सातारहून आलेय. एक प्रामाणिक अडचण मांडू का? मला महिन्याला खर्चून जे उरतं त्यात फॅशन स्ट्रीटचा, तुळशीबागेचा नाहीतर अ‍ॅपवरचा दोनशे-तीनशेचाच कपडा बसतो. वर्गात रोज तोच ड्रेस घालून गेलं की जाणवतं, कुणी बोललं नाही तरी. हा धागा वाचून मला इतकं अपराधी वाटलं की रात्री झोप नाही आली. गरिबांनी स्वस्त कपडे घेणं हे पाप आहे का?

आमच्या अभ्यासात पब्लिक आय या स्वित्झर्लंडच्या संस्थेचा २०२१ चा अहवाल आला होता. चीनच्या ग्वांगझौमधल्या छोट्या कारखान्यांत एका मोठ्या अ‍ॅपसाठी शिवणारे लोक आठवड्याला ७५ तास काम करतात, महिन्याला एखादी सुटी. हे मी परीक्षेत लिहिलं आणि त्याच आठवड्यात टॉप मागवला.

लालबागची_लेक

बाळा, पाप वगैरे काही नाही. तू दोन ड्रेस घेतेस आणि ते विटेपर्यंत वापरतेस. माझ्या ओळखीत महिन्याला आठ पार्सलं येणारी घरं आहेत, दोनदा घालून कपाटाच्या तळाशी. बोलायचंच असेल तर आधी त्यांच्याशी बोलावं लागेल. स्वस्त कपड्याची सवय गरिबांनी लावलेली नाही. आणि कपडे कमी म्हणून कुणी काही म्हणालंच तर मला सांग, माझ्याकडे चांगल्या सुती साड्या पडून आहेत, कुर्ते शिवून देते. खरंच म्हणतेय, निरोप कर.

पर्वतीपायथा

लेकीताई _/\_

औंधकर_नि

लालबागची_लेक, आपला आधीचा प्रतिसाद दोनदा वाचला. रविवारच्या सुटीची गोष्ट मला माहीत होती, पण ती या विषयाला जोडून कधी बघितली नव्हती. 'पर्याय काय होता' हा माझा युक्तिवाद मी १८९० मध्ये असतो तर तुमच्या आजोबांच्याही आधीच्या पिढीविरुद्ध गेला असता, हे मान्य करावं लागेल. बहिष्काराबद्दल मत कायम. पण मग नेमकं मागायचं काय, आणि कुणाकडे?

कामगारकायदा_वाचतेय

औंधकर काका, मी शेवटच्या वर्षाला आहे, कायद्याच्या. हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे म्हणून थोडं सविस्तर.

राणा प्लाझानंतर महिन्याच्या आत 'अकॉर्ड' नावाचा करार झाला. एका बाजूला ब्रँड, दुसऱ्या बाजूला कामगार संघटना. पुढे दोनशेहून जास्त ब्रँड त्यात आले आणि दीड हजारांहून जास्त कारखाने तपासले गेले. याआधीच्या ऑडिटपेक्षा यात तीन गोष्टी वेगळ्या होत्या. एक, तपासणारे इंजिनियर कारखान्याने नेमलेले नव्हते आणि अहवाल कुणालाही वाचायला खुले होते. दोन, करार ब्रँडवर कायद्याने बंधनकारक होता. दोन ब्रँडनी दुरुस्तीत टाळाटाळ केली म्हणून संघटना त्यांना हेगच्या लवादापुढे घेऊन गेल्या, आणि जानेवारी २०१८ मध्ये त्यातल्या एका ब्रँडने २३ लाख डॉलर द्यायचं कबूल करून तडजोड केली. कपड्याच्या धंद्यात असं आधी झालं नव्हतं.

तिसरी गोष्ट या धाग्यासाठी. अकॉर्डमध्ये कामगाराला असुरक्षित जागी काम नाकारण्याचा हक्क लिहिलेला आहे. भेग दिसली, धूर दिसला, तर उठून बाहेर जायचं, आणि त्यासाठी पगार कापता येणार नाही. काजबटण ताईंनी पहिल्या पोस्टमध्ये जे लिहिलं तेच, कराराच्या भाषेत. २०२० पासून बांगलादेशातलं रोजचं काम तिथली आरएससी ही संस्था बघते, आणि २०२३ पासून पाकिस्तानसाठीही असा करार लागू झाला आहे.

भारताबद्दलही सांगते. तामिळनाडूत दिंडीगुळच्या एका कारखान्यातल्या दलित तरुणीचा जानेवारी २०२१ मध्ये तिच्या सुपरवायझरने खून केला. त्याआधी तो तिला महिनोन्‌महिने त्रास देत होता. तिच्या सोबतिणींची संघटना लढली आणि एप्रिल २०२२ मध्ये 'दिंडीगुळ करार' झाला. कारखाना, संघटना आणि परदेशी ब्रँड तिघांच्या सह्या. त्या करारामुळे मजल्यावर नेमलेल्या बायका त्रासाची तक्रार थेट नोंदवू लागल्या. म्हणजे हे होऊ शकतं, आपल्याच देशात झालं आहे.

तेव्हा मागायचं हे: कपडा कुठल्या कारखान्यात शिवला त्याचं नाव सांगा, आणि तुम्ही या करारात आहात का ते सांगा. कित्येक मोठे ब्रँड आता कारखान्यांच्या याद्या आपल्या साइटवर टाकतात, त्याही लोकांनी विचारून विचारून. दुकानातल्या मुलाला विचारू नका, तो बिचारा बारा तास उभा असतो. मुख्य कार्यालयाला लेखी विचारा.

बायिंगहाऊस१४

याला माझा पूर्ण पाठिंबा. आतून सांगतो, ग्राहकाचं एक लेखी पत्र आलं तर ते बाजूला पडतं. एकाच आठवड्यात चाळीस आली तर खरेदी विभागाची बैठक लागते. मी अशा बैठकीला बसलेलो आहे. आणि मे २०२५ पासून बांगलादेशचे तयार कपडे आपल्याकडे जमिनीवरून येत नाहीत, फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता बंदरातून येतात. तेव्हा पुण्यातला हा माल बहुधा आपल्याच घाटातून वर येतो. कागदपत्रांवर कारखान्याचं नाव असतंच असतं. कंपनीला ते शोधायला दोन मिनिटं लागतात.

काजबटण

सगळ्यांचे प्रतिसाद आईला रोज संध्याकाळी वाचून दाखवते आहे.

टी-शर्ट दुरुस्त झाला. मशीन विकलेलं, म्हणून आईने हातानेच उलटी टीप घातली. मी घड्याळ लावून बसले होते. दोन बोटांच्या शिवणीला अकरा मिनिटं लागली, डोळे दुखतात म्हणून मध्ये एकदा थांबली. दोरा तिने मुद्दाम वेगळ्या रंगाचा घेतला, पिवळा. मी विचारलं तर म्हणाली, "तिचं कुठलं आणि माझं कुठलं ते कळू दे." भाचीने आजच तो घातला होता.

लेबलवर आयात करणाऱ्या कंपनीचा पत्ता आहे, शिवणाऱ्या कारखान्याचा नाही. त्यांना मेल लिहिलाय. कालच पाठवला. मजकूर इथे देते, कुणाला वापरायचा असेल तर खुशाल वापरा, फक्त आपल्या लेबलवरचा क्रमांक घाला.

"महोदय, आपल्या विमाननगर येथील दुकानातून मी मुलीचा टी-शर्ट खरेदी केला आहे. लेबलचा फोटो सोबत जोडला आहे. कृपया पुढील माहिती लेखी द्यावी. हा कपडा कोणत्या कारखान्यात शिवला गेला? आपली कंपनी सुरक्षिततेच्या अकॉर्ड करारात सहभागी आहे का? त्या कारखान्यातील इमारतीच्या तपासणीचा अहवाल कुठे वाचायला मिळेल? तेथील कामगारांना असुरक्षित वाटल्यास पगार न कापता बाहेर पडता येते का? टी-शर्टबद्दल माझी तक्रार नाही. शिवणारीचा हात चांगला आहे, असे माझ्या आईचे मत आहे, आणि ते तिच्यापर्यंत पोचवता आले तर पोचवावे."